काल लिहिलेली आरडब्ल्यू डिस्क आज का उघडत नाही? दोष शोधण्याचा क्रम

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. "काल रात्री बॅकअप घेतला तेव्हा सगळं दिसत होतं. आज दुसऱ्या मशीनला लावली तर डिस्क कोरी!" कधी दादरच्या डीटीपीवाल्याकडून, कधी फोर्टमधल्या सीएच्या ऑफिसातून, कधी सोसायटीच्या खजिनदार काकांकडून. नवी डिस्क आणली की थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. हे पुन्हा पुन्हा होतंय, म्हणजे गोची बहुतेक वेळा लिहिण्याच्या पद्धतीत आहे. पद्धत तीच ठेवली तर कितीही चांगली डिस्क आणा, ती याच वाटेने जाणार.

पेन ड्राइव्ह आणि क्लाउडच्या काळात आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी किंवा डीव्हीडी, कशाला, असं कुणी विचारतं. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पोचत नाही, हे एक कारण मला पुरेसं वाटतं. मात्र ती नीट लिहिली गेली पाहिजे.

शोध सुरू करण्याआधी एक काम करायचं नाही. डिस्क लावल्यावर विंडोज 'फॉरमॅट करायची का?' असं विचारेल. 'नाही' म्हणा आणि डिस्क बाहेर काढा. डिस्क खरोखर कोरी असेल तेव्हा हा प्रश्न येतोच, पण डिस्कवरची मांडणी विंडोजला वाचता आली नाही तरीही तो येतो. घाईत 'हो' म्हटल्यामुळे जितका डेटा गेलेला पाहिला आहे, तितका ओरखड्यांमुळे गेलेला पाहिलेला नाही. क्विक इरेज, म्हणजे झटपट पुसणं, डिस्कच्या सुरुवातीचा, कुठे काय आहे ते सांगणारा भाग तेवढा पुसते. वहीची अनुक्रमणिका फाडावी तसं. पानं आत शाबूतच असतात. पण ड्राइव्ह त्यानंतर डिस्क कोरी समजतो आणि आतलं वाचून देत नाही, म्हणून घरच्या साधनांनी ते परत मिळवणं सहसा जमत नाही. फुल इरेज, म्हणजे संपूर्ण डिस्क पुसली असेल तर विषयच संपला.

आधी ठरवा: डिस्क की ड्राइव्ह

ही डिस्क जिथे लिहिली त्याच मशीनवर वाचून पाहा. तिथे उघडली तर जीव भांड्यात पडू द्या, आणि दुसरं काहीही करण्याआधी सगळ्या फाइल्स हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. तिथेही उघडली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर पाहा, शक्यतो डेस्कटॉपच्या मोठ्या ड्राइव्हवर. लॅपटॉपच्या किंवा यूएसबीच्या सडपातळ ड्राइव्हपेक्षा डेस्कटॉपचे जुने जाडजूड ड्राइव्ह कमकुवत डिस्क जास्त चिकाटीने वाचतात, असा माझा अनुभव आहे.

"ड्राइव्ह चांगला आहे, त्यात सिनेमाची डीव्हीडी लागते की!" हे उत्तर हमखास मिळतं. त्यावरून आरडब्ल्यूबद्दल काहीच सिद्ध होत नाही. कारखान्यात ठसा मारून तयार झालेल्या डिस्कवरून लेझर भरपूर परावर्तित होतो. सीडी-आरडब्ल्यूवरून जेमतेम १५ ते २५ टक्के प्रकाश परत येतो. साध्या सीडीवरून येणारा याच्या तिप्पट-चौपट असतो. आरडब्ल्यूच्या थरात चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू असतो. जास्त शक्तीच्या लेझरने तो ठिपका वितळतो, झटकन थंड होतो आणि त्याची स्फटिकरचना मोडते. मध्यम शक्तीने तापवला की रचना पुन्हा जुळते. रचना जुळलेली जागा जास्त चमकते, मोडलेली कमी. ड्राइव्ह वाचतो तो या दोहोंतला फरक, आणि तो मुळातच लहान आहे. लेन्सवर धुळीचा पातळ थर बसला की सिनेमा चालूच राहतो, पण आरडब्ल्यू आधी नापास होते.

म्हणून ड्राइव्हची परीक्षा आधी दुसरीकडे नीट चाललेल्या आरडब्ल्यू डिस्कनेच घ्या. सीडी चालतात पण डीव्हीडी एकही नाही, किंवा याच्या उलट, असं असेल तर डिस्कला दोष देऊ नका. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. एकाच ड्राइव्हमध्ये हे दोन वेगळे डायोड असतात आणि त्यातला एकच थकू शकतो.

ड्राइव्हच माय कॉम्प्युटरमधून गायब झाला असेल तर स्क्रू उघडायची घाई नको. जुनं बर्निंग सॉफ्टवेअर काढून टाकताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नावाच्या नोंदी मागे राहतात आणि विंडोज ड्राइव्ह दाखवणं बंद करते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर पिवळी खूण दिसत असेल तर संशय इकडेच घ्या. सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या क्लासखालच्या या दोन नोंदी काढल्या आणि मशीन रीस्टार्ट केलं की ड्राइव्ह परत येतो. रजिस्ट्रीची प्रत मात्र आधी काढून ठेवा.

खरं मूळ: ओढून टाकलेल्या फाइल्स

विंडोज व्हिस्टापासून कोरी डिस्क लावली की दोन पर्याय समोर येतात: डिस्क यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी प्लेअरवर चालेल अशी लिहायची. पहिला पर्याय आधीच निवडलेला असतो आणि सगळे तिथेच एंटर दाबतात. पूर्वी नीरोचं इनसीडी किंवा ॲडॅप्टेकचं डायरेक्टसीडी हेच काम करायचं. फाइल ओढून डिस्कवर टाकली की लगेच लिहिली जाते, नको असेल तर पुसली जाते. वापरायला फारच सोपं.

पण यात डिस्कवरची यादी सतत बदलत असते आणि तिचा शेवटचा भाग बऱ्याचदा डिस्क बाहेर काढताना लिहिला जातो. ड्राइव्हचं बटण दाबून ट्रे उघडला, यूएसबी ओढून काढली, मशीन हँग झालं म्हणून पॉवरचं बटण दाबून धरलं, की फाइल्स डिस्कवर असतात पण यादी अर्धवट राहते. दुसऱ्या मशीनवर मग 'इन्करेक्ट फंक्शन' असा संदेश येतो, नाहीतर कोरी डिस्क दिसते. ऑफिस बंद करायच्या घाईत संध्याकाळी घेतलेले बॅकअप असेच फसतात: लिहिणं संपलं असं वाटतं, शटर ओढायचं असतं, आणि कुणीतरी मेन स्विच पाडतं.

दुसरी अडचण आवृत्तीची. ही पद्धत यूडीएफ नावाच्या मांडणीवर चालते आणि तिच्या अनेक आवृत्त्या आहेत. विंडोज ९८ फक्त १.०२ वाचते, विंडोज २००० हे १.५० पर्यंत, एक्सपी २.०१ पर्यंत. २.५० ची मांडणी वाचायला व्हिस्टा किंवा त्यापुढची विंडोज लागते. छापखान्यात जुनं प्लेटचं मशीन चालवायला एक्सपी अजून जपून ठेवलेली असेल, तर तिथे नेण्याची डिस्क २.५० मध्ये फॉरमॅट करून चालणार नाही.

शिवाय या पद्धतीत जागा कमी मिळते. ७०० एमबीच्या सीडी-आरडब्ल्यूवर फॉरमॅट केल्यावर साडेपाचशे एमबीच्या आसपासच जागा उरते. तो दोष नाही, डेटा लहान लहान पाकिटांमध्ये लिहिला जातो आणि त्या पाकिटांमधली मोकळी जागा त्यात जाते. झीजही लक्षात घ्या. सीडी-आरडब्ल्यू, डीव्हीडी वजा आरडब्ल्यू आणि डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू या सगळ्यांचं आयुष्य सुमारे १,००० वेळा लिहिण्याइतकं सांगितलं जातं, पण ते प्रत्येक जागेचं आयुष्य आहे. रोज वीस लहान फाइल्स बदलल्या की यादीची जागा पुनःपुन्हा लिहिली जाते आणि बाकी डिस्क कोरी करकरीत असताना तेवढाच पट्टा थकतो. अशा वापरासाठी डीव्हीडी-रॅम बनवली होती: लाखभर वेळा लिहिण्याची क्षमता आणि खराब जागा ड्राइव्हनेच बाजूला काढण्याची सोय. आता ती मिळणं कठीण आणि वाचणारे ड्राइव्हही थोडे.

अडकलेली डिस्क सोडवायची तर ती मूळ मशीनवर, मूळ सॉफ्टवेअर असताना लावा आणि दोन-चार मिनिटं काहीही न करता थांबा. यादी दिसू लागली तर कॉपी करून घ्या. नाही दिसली तर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर डिस्कवरची सेशन्स (एकेका वेळी लिहिलेले भाग) आणि यूडीएफच्या नोंदी थेट वाचून दाखवतं. विंडोजला कोरी वाटणाऱ्या डिस्कवर त्यात संपूर्ण फोल्डर दिसू शकतात.

आणि पुढच्या वेळेपासून दुसरा पर्याय निवडा. फाइल्स आधी एका फोल्डरमध्ये जमवायच्या, मग एकदाच लिहायच्या आणि डिस्क बंद करायची, म्हणजे तिच्यात आणखी भर घालता येणार नाही अशी. पुढचा बॅकअप घेताना पूर्ण पुसून नव्याने लिहायचं. पण हातातली एकमेव प्रत पुसायची नाही, म्हणून किमान तीन डिस्क पाळीपाळीने वापरा. डिस्कवर सोमवार, बुधवार, शुक्रवार असं लिहिलं की ऑफिसातल्या कुणालाही चुकता येत नाही.

मागच्या आठवड्याच्या फाइल्स कुठे गेल्या?

हा प्रकार वेगळा आहे. डिस्क उघडते, आजच्या फाइल्स दिसतात, जुन्या नाहीत. एकाच डिस्कवर अनेक सेशन्स लिहिताना नव्या सेशनमध्ये जुन्या सेशनची यादी आणावी लागते, त्याला सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट म्हणतात. ते राहिलं की विंडोज शेवटचं सेशन तेवढं दाखवते. जुन्या फाइल्स जिथल्या तिथे आहेत. बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये किंवा आयसोबस्टरमध्ये आधीचं सेशन निवडा आणि काढून घ्या. सीडीवर पहिलं सेशन बंद करायला सुमारे २२ एमबी आणि त्यापुढच्या प्रत्येकाला सुमारे १३ एमबी खर्च होतात, त्यामुळे रोज दोन एमबीचं टॅलीचं फोल्डर वेगळ्या सेशनमध्ये टाकणाऱ्यांची डिस्क कुठे भरली तेच कळत नाही. टॅलीचा विषय निघालाच आहे तर, बॅकअप घेताना टॅली सगळ्या मशीनवर बंद असू द्या. उघड्या फाइलची प्रत अर्धवट आली तर त्यात डिस्कचा काय दोष!

लिहितानाच अडकते

'पॉवर कॅलिब्रेशन एरर' आली तर समजा की लिहिण्याआधी ड्राइव्हने डिस्कच्या राखीव पट्ट्यावर लेझरची शक्ती तपासून पाहिली आणि त्याला योग्य मोजमाप मिळालं नाही. कारण तीनपैकी एक असतं: लेझर थकलाय, डिस्क थकलीय, किंवा ड्राइव्हला ही डिस्क ओळखता येत नाही. तिसऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही. सीडी-आरडब्ल्यूमध्ये साधी १ ते ४ एक्स वेगाची, हाय स्पीड आणि अल्ट्रा स्पीड असे गट आहेत. अल्ट्रा स्पीडच्या डिस्कवर जुना हाय स्पीड ड्राइव्ह लिहूच शकत नाही, वेग कितीही कमी करा. खोक्यावरची खूण पाहूनच घ्या. डीव्हीडीतही वजा आणि प्लस दोन्ही चालतात की एकच, ते ड्राइव्हच्या पुढच्या पट्टीवर छापलेलं असतं.

बाहेरून लावायच्या यूएसबी रायटरमध्ये मी आधी वायर पाहतो. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. लिहायला लागल्यावर सडपातळ रायटरची गरज ५०० च्या वर जाऊ शकते. वाचताना सगळं ठीक, लिहिताना मध्येच बंद, अशी लक्षणं असतील तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टला लावा, हब वापरू नका, आणि रायटरबरोबर दोन तोंडांची वायर आली असेल तर दोन्ही तोंडं लावा. पुष्कळ रायटर एवढ्यावर बरे होतात.

डीव्हीडी वजा आरडब्ल्यू क्विक इरेज केली असेल तर तिच्यावर एका दमात संपूर्ण लिहिता येतं, पण थोडं थोडं, सेशन वाढवत लिहायला सॉफ्टवेअर नकार देऊ शकतं. त्यासाठी ती फुल इरेज झालेली असावी लागते. अनेकदा क्विक इरेज केलेली, कुरकुरायला लागलेली डिस्कही एका फुल इरेजने पुष्कळदा ताळ्यावर येते. दोन एक्सच्या डिस्कला अर्धा तास लागतो, तेवढा द्या.

आणि डिस्क काठोकाठ भरू नका. लिखाण आतून बाहेर जातं, आणि चुका आधी बाहेरच्या कडेला वाढतात. डीव्हीडीवर ४.७ जीबी असं छापलेलं असतं, विंडोजच्या मोजणीत ते ४.३८ च्या आसपास दिसतं, त्यातही ४.१ च्या पुढे मी जात नाही.

पावसाळा

मुंबईत जून ते सप्टेंबर हा डिस्कसाठी वाईट काळ. रेक्झिनच्या पाकिटात, खिडकीजवळच्या कपाटात ठेवलेल्या डिस्कवर बुरशीची जाळी धरते आणि प्लॅस्टिकचा कप्पा पृष्ठभागाला चिकटतो. कडक डब्यात, उभी, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. एसीच्या थंड खोलीतून दमट बाहेर आणलेली डिस्क किंवा रायटर लगेच वापरू नका, दव बसतं. अर्धा तास तशीच राहू द्या.

पुसायचं तर मऊ सुती कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसलं तर ओरखडा लिखाणाच्या ओळीच्याच दिशेने पडतो. सीडीची चूकदुरुस्ती ओळीवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग खंड भरून काढू शकते, त्याहून लांब नाही. सीडीची वरची, नाव लिहायची बाजू जास्त जपा. तिथे माहितीच्या थरावर नुसता लॅकरचा पातळ लेप असतो, बॉलपेनही तिथे जखम करतं. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. कागदी लेबल कशावरच लावू नका, दमट हवेत ते एका बाजूने उचलतं आणि डिस्क थरथरत फिरते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी ऑफिसांची कपाटं पाण्यात होती. तशी वेळ आली तर बुडालेली डिस्क लगेच फेकू नका. पाकिटातून काढून स्वच्छ पाण्याने चिखल जाईपर्यंत धुवा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर, मग पंख्याखाली उभी वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. वाळल्यावर पहिल्याच वाचनात सगळं कॉपी करून घ्या.

काही भाग वाचलाच जात नसेल तर लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते चांगले सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे) आधी उचलतं, खराब जागांची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं, आणि तीच नोंद घेऊन तुम्ही दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेले सेक्टर वाचायचा प्रयत्न करू शकता. एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला जमतं, आणि दोघांची मिळून एक पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, तयार होते. विंडोजच्या कॉपीत 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' हा वाचनातल्या चुकीचा संदेश आला की कॉपी तिथेच थांबते, म्हणून त्या कॉपीवर भरवसा ठेवून डिस्क गेली असं म्हणू नका.

मराठी नावं आणि मोठ्या फाइल्स

देवनागरीत नावं दिलेल्या फाइल्स डिस्कवर अंडरस्कोरची रांग होऊन उतरल्या असतील, तर नुसत्या आयएसओ ९६६० या जुन्या मांडणीत लिहिलंय. त्याऐवजी जोलिएट किंवा यूडीएफ मांडणी निवडा. जोलिएटमध्ये नावाला ६४ चिन्हांची मर्यादा आहे, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. 'जीर्णोद्धार' आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, डिस्कला ते ११ चिन्हांचं. सोसायटीच्या ठरावांची लांबलचक नावं यात कापली जातात आणि दोन वेगळ्या फाइल्स एकाच नावाच्या होतात. नावं आखूड ठेवा, तारीख सुरुवातीला लिहा.

एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल, जशी आउटलुकची जुनी मेलफाइल, तर यूडीएफच लागेल. नाहीतर सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरने तिचे तुकडे करा.

लिहून झाल्यावर

सॉफ्टवेअरने 'यशस्वी' म्हटलं म्हणजे लेझर शेवटपर्यंत चालला, एवढंच. डिस्क बाहेर काढा, परत घाला, आणि मग व्हेरिफाय चालवा. न काढता केलेल्या पडताळणीत काही भाग मेमरीतूनच वाचला जाऊ शकतो. महत्त्वाच्या फोल्डरची एसएचए-२५६ यादी (फाइल बदलली का ते ओळखू देणारे आकडे) सेव्हन-झिपच्या राइट क्लिक मेनूतून निघते, ती डिस्कवर आणि मशीनवर दोन्हीकडे ठेवा. महिन्यातून एकदा दुसऱ्याच ड्राइव्हवर एखादी फाइल खरोखर उघडून पाहा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि मला ते बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

वर्षअखेरीचे हिशेब, करारपत्रं, लग्नाचे फोटो, असं कायम ठेवायचं ते आरडब्ल्यूवर ठेवू नका. त्यासाठी एकदाच लिहायची डिस्क घ्या आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसरी प्रत ठेवा.

लॅमिंग्टन रोडवर आरडब्ल्यू अजून मिळतात, पण माल बराच जुना असतो. घराघरात पोचलेली डिस्कची कंपनी मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली, तेव्हा त्या नावाचं सीलबंद खोकं दिसलं तरी डिस्क किती वर्षांची असेल याचा अंदाज घ्या. दुकानदाराकडे पूर्ण स्पिंडल (डिस्कची चळत) मागण्याआधी एक-दोन डिस्क घ्या, तुमच्याच ड्राइव्हवर लिहा, दुसऱ्यावर वाचा, आणि मगच बाकीच्या उचला.

पडताळणीत दोनदा नापास झालेली डिस्क पाळीतून काढा. तिच्यावर ग्राहकांचे पॅन, बँकेचे तपशील असतात, तेव्हा क्विक इरेज करून रद्दीत देऊ नका. ड्राइव्ह घेत असेल तर फुल इरेज करा, मग कपड्यात गुंडाळून कात्रीने चार तुकडे करा. ती फुटते तेव्हा बारीक कपच्या उडतात, डोळे सांभाळा. तुकडे ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.